शेवटचे दोनशे मीटर

रस्त्याच्या कडेला एक खांब, घराच्या ओसरीजवळ दुसरा, दोन्हींमध्ये ताणलेली पोलादी तार आणि त्या तारेवर चाकांनी लटकलेली पत्र्याची टपालपेटी. टपालवाहकाची घोडागाडी पुढे गेली की घरातल्या माणसाने रहाट फिरवायचा; दोराला बांधलेली पेटी तारेवरून घरंगळत दारात येते. पत्रे काढून घेतली की रहाट उलटा फिरवून ती पुन्हा रस्त्याशी नेऊन उभी करायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेच्या शेतीमुलखात अशी यंत्रे लोकांनी घरच्या घरी जुळवली, काहींनी आपल्या युक्तीची पेटंटे घेतली. तरीही ती घरोघरी पोचली नाहीत, आणि अमेरिकी टपालाच्या इतिहासात त्यांना फार तर एखाद्या ओळीची जागा मिळते. माझ्या मते त्या ओळीला फार मोल आहे. सार्वजनिक सेवेची हद्द आखताना जे अंतर हिशेबाबाहेर ठेवले जाते ते नाहीसे होत नाही; ते कोणाच्या तरी पायांवर पडते. तारेवरची ही पेटी त्या अंतराचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. ती का बनली हे समजले तर ते अंतर किती जड होते हे कळते, आणि ती का टिकली नाही हे समजले तर त्या ओझ्यावर खरा उपाय कोणता, तेही कळते.

त्यासाठी अमेरिकी शेतकरी राहतो कसा, हे आधी पाहायला हवे. आपल्याकडे देशावर गावठाण एकवटलेले आणि शेते त्याच्या भोवताली, अशी जुनी रचना. पोस्टमन वेशीतून आत आला की एका फेरीत सारे गाव उरकते. अमेरिकेत ओहायोपासून पश्चिमेकडचा बहुतेक मुलूख १७८५च्या कायद्याने चौकोनात आखला गेला, आणि १८६२च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकरांपर्यंत जमीन मिळण्याची वाट झाली. १६० एकरांचा चौकोन म्हणजे एका बाजूने अर्धा मैल, सुमारे ८०० मीटर. कायद्याला अनुसरून जो तो आपल्याच जमिनीवर घर बांधून राहिला. घर कुठे बांधायचे हे पाणी कुठे लागते, उंचवटा कुठे आहे, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा कुठे मिळतो यावर ठरे. सार्वजनिक रस्ता चौकोनाच्या कडेने जाई. घर आणि रस्ता यांच्यात शे-दोनशे मीटरांची, कुठे त्याहून कितीतरी लांब अशी खासगी वाट आपोआप उरली. ती वाट त्या वेळी कोणाला अडचण वाटली नाही, कारण टपाल रस्त्यापर्यंतही येत नव्हते.

शहरांत घरपोच मोफत टपाल १८६३ साली सुरू झाले होते. खेड्यातल्या माणसाला मात्र आपली पत्रे आणायला स्वतः पोस्टात जावे लागे, आणि पोस्ट म्हणजे बहुधा कित्येक मैलांवरच्या वाण्याच्या दुकानातला एक कोपरा. १८९० साली देशातले सुमारे चार कोटी दहा लाख लोक, म्हणजे लोकसंख्येचा ६५ टक्के भाग, ग्रामीण होता. तिकिटाचे पैसे दोघांचे सारखे, सेवा मात्र वेगळी, हा शेतकऱ्यांचा आक्षेप सरळ होता आणि बिनतोड होता. ‘नॅशनल ग्रेंज’सारख्या शेतकरी संघटनेने तो लावून धरला. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध दुकानदार जॉन वॉनामेकर पोस्टमास्तर जनरल असताना त्यांनी १८९१ साली ग्रामीण घरपोच टपालाची बाजू मांडली. जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य टॉम वॉटसन यांच्या प्रयत्नाने १८९३ साली प्रयोगासाठी दहा हजार डॉलर मंजूर झाले, तरी खात्याने तीन वर्षे पाऊल उचलले नाही. अखेर पोस्टमास्तर जनरल विल्यम विल्सन यांनी आपल्याच राज्यात, वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला या तीन ठिकाणांहून १ ऑक्टोबर १८९६ रोजी प्रयोग सुरू केला. वर्षभरात २९ राज्यांत ४४ मार्ग झाले आणि १९०२ साली ही सेवा कायम झाली. विरोधकांना खर्चाची चिंता होती, लहान पोस्टे बंद पडण्याची धास्ती दुकानदारांना होती. तरीही सेवा वाढत गेली, कारण ती मागणाऱ्यांची गरज खरी होती.

या सेवेत एक करार दडलेला होता. टपालवाहक रस्त्याने येईल, रस्ता सोडून आत येणार नाही. पेटी शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची, खांब त्यानेच रोवायचा, आणि तो अशा जागी की टपालवाहकाला गाडीतून न उतरता हात पोचावा. ज्या रस्त्याने बारमाही जाता येत नाही तिथे मार्गच मिळत नसे. त्यामुळे लोकांनी आपल्या भागातले रस्ते आणि पूल सुधारायला घेतले. १८९७ ते १९०८ या काळात स्थानिक संस्थांनी पूल, मोऱ्या आणि रस्त्यांवर मिळून ७ कोटी २० लाख डॉलर खर्च केल्याचा अंदाज अमेरिकी टपालखात्यानेच नोंदवला आहे. पेट्यांच्या बाबतीत सुरुवातीला कसलाच नियम नव्हता. चरबीचे डबे, पाकाच्या बादल्या, जुनी खोकी, हाताला येईल ते खांबावर चढले. १९०१ साली खात्याने नमुने तपासून चौदा उत्पादकांच्या पेट्या मान्य केल्या आणि पुढच्या वर्षापासून नव्या मार्गांवर मान्य पेटीच सक्तीची झाली. १९१५ साली खात्यातले अभियंते रॉय जोरोलमन यांनी वरून कमानदार, पुढे झाकण आणि बाजूला निशाण असलेली पेटी तयार केली. तो नमुना सर्व उत्पादकांना खुला ठेवला गेला. आज अमेरिकी गावाचे चित्र काढायचे तर जी पेटी काढली जाते ती हीच.

या कराराची सरकारी बाजू भक्कम होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या काळी एक मार्ग साधारण पंचवीस मैलांचा, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांचा असावा आणि त्यावर शंभर तरी कुटुंबे असावीत, अशी अपेक्षा असे. मातीच्या रस्त्यावरून घोड्याला एवढी मजल म्हणजे दिवसाचे पुरते काम. आता प्रत्येक घर रस्त्यापासून सरासरी २०० मीटर आत आहे असे धरू. टपालवाहकाने प्रत्येक दारात जायचे ठरवले तर एका घरामागे जाऊन-येऊन ४०० मीटर वाढतात. शंभर घरांचे झाले ४० किलोमीटर. म्हणजे मार्गाची लांबी एका फटक्यात दुप्पट. घोडा तेवढे चालणार नाही, म्हणून मार्ग निम्मे करावे लागतील, माणसे दुप्पट लागतील, आणि ज्या खर्चावरून संसदेत आधीच वाद चालू होता तो खर्च दुणावेल. दारापर्यंत जाण्याचा हट्ट धरला असता तर निम्म्या लोकांना सेवा मिळायला आणखी कित्येक वर्षे लागली असती. रस्त्याची कड ही हद्द मनमानी नव्हती. त्या साधनांत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचण्याची ती किंमत होती.

पण हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो, आणि तो सहसा मांडला जात नाही. टपालवाहकाचे वाचलेले ४० किलोमीटर कुठे गेले? ते शंभर घरांत वाटले गेले. प्रत्येक घरातून कोणीतरी रोज ४०० मीटर चालू लागले. आठवड्याला सहा दिवस, वर्षाला सुमारे ३०० फेऱ्या धरल्या तर एका घराच्या वाट्याला वर्षाकाठी १२० किलोमीटर आले. धडधाकट माणसाला दिवसाची ही पाच-सहा मिनिटे म्हणजे काहीच नाही, आणि कित्येकांना तो फेरफटका हवाहवासाही वाटला असेल. मात्र सरासरीत हिवाळा दिसत नाही, म्हातारपण दिसत नाही. डकोटा किंवा मिनेसोटात गुडघाभर बर्फ असताना, चिखलाच्या दिवसांत वाटेवर पाय रुतत असताना, घरातली एकटी बाई तान्ह्या मुलाला सोडून जाऊ शकत नसताना, संधिवाताने धरलेल्या म्हाताऱ्याला ओसरीची पायरीही अवघड असताना, तेच ४०० मीटर निराळे होतात. शिवाय पेटीवरचे निशाण टपालवाहकासाठी होते. पाठवायचे पत्र आत असले की घरमालकाने ते उभे करायचे, म्हणजे टपालवाहक थांबेल. पेटीत काही आले आहे की नाही, हे घरात बसलेल्याला सांगण्याची सोय या मान्य नमुन्यात नव्हती. त्यामुळे रिकाम्या हाताने परतण्याची फेरीही पदरात पडे. सेवेच्या हद्दीपलीकडचे ओझे सर्वांना सारखे वाटले गेले असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ते सर्वांत अशक्त माणसावर सर्वांत जास्त पडते.

तारेवरची पेटी या ओझ्याला दिलेले उत्तर होते, आणि ते शेतकऱ्याने आपल्या हाताशी असलेल्या ज्ञानातून दिले होते. आयोवातल्या फेअरफील्डचे विल्यम लाउडन यांनी १८६७ साली गवतवाहकाचे पेटंट घेतले होते. कोठाराच्या आढ्याखाली रूळ बसवायचा, गाडीतला गवताचा भारा दोराने वर ओढायचा आणि चाकांवरून आत सरकवून हव्या त्या जागी सोडायचा, अशी ती योजना. पुढे गोठ्यातले शेणही टांगत्या रुळावरून बाहेर जाऊ लागले. शहरातल्या मोठ्या दुकानांत गल्ल्यापासून रोखपालापर्यंत पैसे नेणारे वाहक आले; मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचे विल्यम लॅम्सन यांच्या नावाने ते ओळखले जात, आणि त्यांतले कित्येक तारेवरून धावत. तार तर शेतात पडलेलीच होती. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट घेतल्यानंतर कुंपणांनी सारे पठार व्यापले, आणि पुढे काही भागांत शेतकऱ्यांनी त्याच कुंपणाच्या तारांवर आपापसांतले टेलिफोन चालवले. ज्या माणसाने गवत रुळावर चढवले आणि कुंपणातून आवाज पाठवला, त्याला पत्रांची पेटी तारेवर चढवणे अवघड वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून या यंत्राला एखाद्या विक्षिप्ताचा खेळ समजणे चूक आहे. शेतीकामातली पारखलेली युक्ती घरकामाकडे वळवण्याचा तो प्रयत्न होता.

यंत्र म्हणून मात्र ते दिसते तितके सोपे नाही. साधी जाड कुंपणाची तार घ्या, सुमारे पावणेचार मिलिमीटर व्यासाची. तिचे वजन मीटरला साधारण ९० ग्रॅम. २०० मीटरच्या दोन टोकांमध्ये ती २०० किलोच्या ताणाने ओढली तरी मध्यभागी तिला दोन मीटरहून जास्त झोळ पडतो. तीन किलोची भरलेली पेटी मधोमध आली की आणखी पाऊण मीटर. म्हणजे पेटी जमिनीला टेकू नये म्हणून दोन्ही टोके चांगली उंच हवीत; पण रस्त्याकडच्या टोकाला तर ती गाडीतल्या माणसाच्या हाताशी, कमरेच्या उंचीवर यायला हवी. ताण दुप्पट केला तर झोळ निम्मा होतो, पण मग खांबांना मागून भक्कम ताणे द्यावे लागतात. मध्ये आधारखांब घातले तर पेटीची चाके त्या आधारांवरून सरकली पाहिजेत. त्यासाठी पेटी आकड्याच्या आकाराच्या दांडीने एका बाजूने टांगावी लागते. उन्हाळ्यात पस्तीस अंश आणि हिवाळ्यात उणे पंचवीस अंश तापमान असलेल्या मुलखात २०० मीटर पोलादी तार ऋतूगणिक सुमारे १४ सेंटीमीटरने आखडते किंवा सैलावते. तारेभोवती एक सेंटीमीटर जाडीचे बर्फाचे कवच जमले तर तिचे वजन पाचपटीहून वाढते. पेटी ओढायला टोकाच्या कप्पीभोवती फिरणारा अखंड दोर हवा, म्हणजे ४०० मीटर दोर, आणि तो पावसात फुगतो, उन्हात ताठतो. सायकलच्या चाकाचा रहाट केला तर त्याचा घेर सुमारे दोन मीटर. पेटी एका बाजूने आणायला शंभर फेरे. घर चढावर आणि रस्ता उतारावर असेल तर रिकामी पेटी आपल्या वजनाने खाली जाते आणि निम्मे कष्ट वाचतात. मध्ये ओढा किंवा घळ असेल तर वाटेचा वळसाच वाचतो. अशा जागी हे यंत्र खरोखर शोभले. सपाट माळावर मात्र ते सतत निगा मागत राहिले.

सर्वांत मोठी अडचण रस्त्याच्या टोकाशी होती. टपालवाहक येईल तेव्हा पेटी तिथे असलीच पाहिजे, ठरल्या उंचीवर, झाकण त्याच्याकडे करून, वाऱ्याने न हलता. अमेरिकी टपालखात्याचे आजचे मार्गदर्शन पाहिले तर पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंचांवर आणि पेटी रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत असावी, इतके ते काटेकोर आहे. काटेकोरपणाचे कारण योग्यच आहे. दिवसाला शेकडो वेळा हात बाहेर काढणाऱ्या माणसासाठी प्रत्येक इंच मोजावा लागतो. पण याचा अर्थ असा की पेटी दारात राहून गेली, दोर अडकला, रहाट फिरवणारे माणूस आजारी पडले, तर टपालवाहकासमोर नुसता खांब उरतो. जी पेटी जागची हलत नाही ती कधी चुकत नाही. जी हलते तिला परतीची आठवण ठेवणारे माणूस लागते. म्हणजे ज्याला चालणे झेपत नाही त्याच्यासाठी बनवलेले यंत्र, तार ताणण्यासाठी, कप्पीला तेल घालण्यासाठी आणि बर्फ झटकण्यासाठी धडधाकट माणसाची अपेक्षा ठेवते. या यंत्राची मर्यादा मला इथे दिसते. कारागिरी कमी पडली नाही. ज्याला यंत्राची सर्वांत जास्त गरज होती तोच ते उभारायला आणि राखायला सर्वांत असमर्थ होता.

इथे कोणी म्हणेल की, यंत्र चालण्यासारखे असते तर बाजाराने ते चालवले असतेच. ते पसरले नाही याचा अर्थ लोकांना त्याची गरज नव्हती. हा युक्तिवाद वरवर पटतो, पण गवतवाहकाची गोष्ट शेजारी ठेवली की डळमळतो. जवळजवळ तीच चाके, तोच दोर, तीच युक्ती कोठारांत पक्की रुजली, कारण गवत वेळेत आत गेले नाही तर ते भिजते आणि पैसा बुडतो. घरच्या वाटेवर वाचणारा वेळ मात्र बाईचा, मुलाचा, म्हाताऱ्याचा. त्याची किंमत कोणत्याच वहीत लिहिली जात नव्हती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली लिबर्टी हाइड बेली यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण जीवन आयोग नेमला. त्याच्या अहवालाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: शेतीजीवनातल्या अडचणींचा भार पुरुषांपेक्षा बायकांवर जास्त पडतो, आणि बाहेरच्या कामाला सोयी आधी मिळतात, घरातल्या कामाला मागाहून. टपालपेटीचे यंत्र या मागे पडलेल्या रांगेत होते, असा माझा निष्कर्ष आहे. मागणी दिसली नाही, कारण मागणी करणाऱ्याच्या हाती पैसा नव्हता. गरज आणि खरेदी यांना एकच समजले की अशी चूक होते.

याला जोडून दुसरा पुरावा पाहावा. ग्रामीण टपालात ज्या सुधारणा टिकल्या त्या सगळ्या पेटीच्या रस्त्याकडच्या बाजूच्या आहेत. जोरोलमन यांची कमानदार पेटी, बाजूचे निशाण, पार्सलांसाठी १९२८ साली मान्य झालेला मोठा आकार, बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा धक्का लागला तर बाजूला फिरणारा आडवा दांडा. या साऱ्यांनी टपालवाहकाचे किंवा रस्त्याचे काम सोपे केले. पेटीच्या घराकडच्या बाजूचे प्रश्न ज्याने त्याने आपापल्या अंगणात सोडवायचे होते. खात्याची बुद्धी पेटीच्या झाकणापर्यंत आली आणि तिथे थांबली. हक्काच्या बाबतीत मात्र ती थांबली नाही. १९३४च्या कायद्याने या पेटीत तिकीट न लावलेला मजकूर टाकण्याला बंदी केली, आणि १९८१ साली ग्रीनबर्गच्या नागरिक संघटनांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. पेटी शेतकऱ्याच्या पैशाची, खांब त्याच्या कष्टाचा, आणि पेटीत काय पडावे यावर अधिकार खात्याचा. टपालाची सुरक्षितता राखायची तर असा नियम लागतो, हे मला मान्य आहे. पण जी संस्था पेटीवर इतका हक्क सांगते तिने पेटीपलीकडच्या माणसाकडे पाठ फिरवू नये, एवढी अपेक्षा त्यातूनच निघते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली, शेतकऱ्याच्या घरी मोटार आली, आणि मोटारीतून येता-जाता पेटी उघडणे ही सहज गोष्ट झाली. पुढे रेडिओ, टेलिफोन, आता इंटरनेट. पत्रासाठी वाटेवर डोळे लावून बसण्याचे दिवस गेले, मग या जुन्या अंतराचा ऊहापोह कशाला? यात तथ्य आहे. मोटारीने तारेवरची पेटी मागे टाकली, हे खरेच. पण मोटारीने अंतर कोणासाठी मिटवले? जो चालवू शकतो त्याच्यासाठी. वय झाल्यावर परवाना सुटलेल्या माणसासाठी ते पुन्हा तेवढेच लांब झाले. आणि टपालातून आज प्रेमपत्रे कमी येत असतील, पण औषधे येतात, बँकेची कार्डे येतात, काही राज्यांत मतपत्रिकाही येतात. वस्तू जितकी महत्त्वाची तितके शेवटचे अंतर महत्त्वाचे. म्हणून प्रश्न जुना झालेला नाही. नव्या वस्तू घेऊन तो पुन्हा आला आहे.

हद्द एकदा आखली की ती तिथेच राहते असेही नाही; खर्च वाढला की ती ग्राहकापासून आणखी दूर सरकते. दारात टपाल देणे सर्वांत महाग, घरासमोरच्या रस्त्यावरच्या पेटीत देणे त्याहून स्वस्त, आणि साऱ्या वस्तीच्या पेट्या एका जागी मांडणे सर्वांत स्वस्त, हा क्रम टपालसंस्थांना पक्का ठाऊक आहे. कॅनडात ग्रामीण घरोघर टपाल १९०८ साली सुरू झाले. तिथल्या टपालसंस्थेने डिसेंबर २०१३ मध्ये शहरांतले दारपोच वाटप टप्प्याटप्प्याने बंद करून सामूहिक पेट्या बसवण्याचे जाहीर केले. म्हातारे आणि अपंग नागरिक यांच्या बाजूने मोठा विरोध झाला, आणि २०१५ साली ते काम थांबवावे लागले. २०२५ साली सरकारने त्याला पुन्हा वाट मोकळी करून दिली. तोटा खरा आहे, पत्रांची संख्या घटली आहे, आणि टपालसंस्था बुडाली तर कोणाच्याच दारात काही येणार नाही, हे म्हणणेही खोटे नाही. मात्र १८९६च्या हद्दीत आणि या हद्दीत एक मूलभूत फरक आहे. तेव्हा हद्द लोकांच्या जवळ येत होती; कित्येक मैलांचे अंतर २०० मीटरांवर आले होते, म्हणून उरलेल्या २०० मीटरांबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटले असते. आता ती दूर जात आहे. वाचणारा पैसा संस्थेच्या ताळेबंदात दिसतो आणि वाढणारी पायपीट कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

मग उपाय काय? कोणी म्हणेल, यंत्र तेव्हा कच्चे होते, आता पक्के आहे. तारेच्या जागी ड्रोन आणा. आपल्या देशात मे २०२२ मध्ये टपालखात्याने कच्छमध्ये ड्रोनने ४६ किलोमीटर अंतरावर टपाल पोचवून पाहिले, आणि २०२५ साली कर्जतहून माथेरानला तसाच प्रयोग झाला. ज्या माथेरानला मोटारींना बंदी आहे आणि जिथे सामान घोड्याच्या पाठीवर किंवा हमालाच्या डोक्यावर चढते, तिथे असा प्रयोग होणे योग्यच आहे. पण हे दोन्ही प्रयोग पोस्टापासून पोस्टापर्यंतचे होते. घाट ओलांडण्याचा प्रश्न यंत्र सोडवील. पोस्टापासून ओसरीपर्यंतचा प्रश्न त्यानंतरही उरतो, आणि तो आपल्याकडे आजही ग्रामीण डाकसेवक आपल्या पायांनी, सायकलने, मोटारसायकलने सोडवतो. कोकणातल्या डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या असोत की ऊसपट्ट्यात गावठाण सोडून शेतात गेलेल्या वस्त्या, महाराष्ट्रातही घर आणि रस्ता यांतले अंतर वाढते आहे. अमेरिकी शेतकऱ्याचा प्रश्न आता आपल्यालाही पुरता परका राहिलेला नाही.

तारेवरच्या पेटीचा धडा इथे कामी येतो. अवघड प्रसंगी यंत्राने नव्हे, नियमाने माणसाला तारले आहे. अमेरिकी टपालखात्याच्या नियमांत आज अशी तरतूद आहे की, शारीरिक अडचणीमुळे ज्याला पेटीपर्यंत जाणे अतिशय कष्टाचे आहे, त्याने विनंती केल्यास टपाल दारात देता येते; गरज पडल्यास डॉक्टरचा दाखला मागितला जातो. कॅनडातही अपंगांसाठी अशी सोय मागता येते. आधीचा हिशेब पुन्हा करून पाहू. शंभरातली पाच घरे अशी असली तर टपालवाहकाचा मार्ग दोन किलोमीटरने वाढतो, ४० किलोमीटरला पाच टक्के. साऱ्यांच्या दारात जाणे परवडत नव्हते, म्हणून कोणाच्याच दारात जायचे नाही, हा तर्क इथे कोसळतो. सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती दाखवली जाते. पण तपासणीची सोय नियमातच आहे, आणि पाच टक्क्यांच्या वाढीत थोडे लबाड शिरले तरी संस्था बुडत नाही. खरी उणीव वेगळी आहे. ही सोय मागावी लागते, तिची माहिती असावी लागते, अर्ज करावा लागतो. ज्याला रस्त्यापर्यंत जाता येत नाही त्यानेच पुढे होऊन आपली असमर्थता सिद्ध करायची. तारेवरच्या पेटीत जो दोष होता, तोच दोष सौम्य रूपात नियमातही शिरला आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. सेवेची हद्द आखावी लागते, आणि ती रस्त्यावर आखली म्हणून सरकारला दोष देता येत नाही. पण हद्द आखणाऱ्याने दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला पाहिजे: आपले किती अंतर वाचले, आणि लोकांचे किती वाढले. दुसरा आकडा कागदावर आला की तो कोणावर पडतो हे विचारावे लागते, आणि उत्तरात म्हातारे, आजारी, एकटे सापडले तर त्यांच्यासाठी अपवाद आधीच नियमात असला पाहिजे. दर दिवशी दारासमोरून जाणाऱ्या टपालवाहकाला कोणाच्या पेटीत पत्रे साचली आहेत हे सर्वांत आधी दिसते, तेव्हा त्या अपवादाची शिफारस करण्याचा अधिकार त्यालाच असावा. आपल्या ग्रामीण डाकसेवकाला तर कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे हे पत्ता न वाचता ठाऊक असते. ते ज्ञान खात्याच्या नोंदीत यावे, त्यासाठी त्याला वेळ आणि मोबदला मिळावा, आणि खर्च कमी करताना सर्वांत शेवटी हात लागावा तो या फेरीला. शंभर वर्षांपूर्वी हुशार, कष्टाळू माणसांनी तार ताणून जे अंतर एकट्याने मिटवू पाहिले, ते एकट्याने मिटणारे नव्हते. ज्या संस्थेने ते अंतर मागे ठेवले, ते मोजण्याची आणि गरजूंसाठी चालून जाण्याची जबाबदारीही तिचीच आहे.